नारळी पौर्णिमेआधीचे नऊ गुण

चौऱ्याऐंशी सालच्या जुलैतला शेवटचा रविवार. पाच सामने, नऊ गुण. हजर तिघे: गुडघ्यांनी दगा दिल्यावर समुद्र सोडून कोळीवाड्यातल्या पोरांना फुटबॉल शिकवणारे धर्मादादा, अंधेरीला आमच्या आळीत मासळीची पाटी घेऊन येणाऱ्या हिराबाई, ज्यांचा मुलगा मोरेश्वर आमच्या संघात सर्वांत पुढे खेळत असे, आणि मी, संघाचा समर्थक, ज्याने आयुष्यात एकदाही चेंडूला पाय लावलेला नव्हता.

बसलो होतो वेसाव्याच्या वाळूवर, हिराबाईंच्या होडीच्या आडोशाला. पावसाळ्यात कोळी आपल्या होड्या ओढून काठावर घेतात आणि घराचे छप्पर शाकारावे तशा झावळ्यांनी शाकारून ठेवतात. त्या भिजलेल्या झावळ्यांचा कुजट-गोड वास, फळ्यांना दिलेल्या तेलाचा उग्र वास आणि होडीच्या पोटात मुरून राहिलेला गेल्या हंगामाचा खारटपणा हे सारे एकत्र येऊन जो दर्प तयार होतो, तो मला आजही फुटबॉलचा वास वाटतो. ढगांच्या फटीतून उतरणारा उजेड भरतीच्या पाण्यावर शिशासारखा जड पडला होता, आणि मागच्या ओल्या पट्टीवर मोरेश्वर आणि त्याचे सोबती अनवाणी पायांनी चेंडू चिखलातून अलगद उचलून एकमेकांकडे टोलवत होते.

या संघाशी माझे नाते जुळले ते सुकटीमुळे. मी मूळचा मालवणकडचा. वडील गिरणीत होते, मी मरोळच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात. यंत्रावरून आलेला प्रत्येक भाग मापाला लावून पाहायचा आणि केसभर इकडेतिकडे असला तर परत पाठवायचा, हे माझे काम. एका पावसाळ्यात सुकट घ्यायला हिराबाईंच्या घरी गेलो आणि दारासमोरच्या वाळूवर चाललेला खेळ पाहत दोन तास उभा राहिलो. त्र्याऐंशी साली क्रिकेटचा विश्वचषक आल्यापासून आमच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नव्हता. अशा वेळी सर्वांत खालच्या गटातल्या एका कोळीवाड्याच्या फुटबॉल संघासाठी मी रजा टाकतो, हे सहकाऱ्यांना माझ्यातले एकमेव वेड वाटत असे. माझी पत्नी सुलभा म्हणायची, "तुम्ही सुकट आणायला गेलात आणि संघ घेऊन आलात."

पण वेड असले तरी त्याचा हिशेब माझ्याजवळ होता. हंगामाच्या सुरुवातीला आमचा संघ दरवर्षी उत्तम खेळे. मुंबईत फुटबॉल पावसात खेळला जातो, आणि पाऊस म्हणजे होड्या काठावर. आमच्या अकरांपैकी सहा जण तीन होड्यांवरचे खलाशी. त्या दिवसांत ते घरी असत, विश्रांतीने ताजे असत, आणि ज्या चिखलात शहरातले सुबक बूट घसरून पडत त्यात त्यांचे पाय घरच्यासारखे रुतत. मग श्रावणातली पौर्णिमा येई, समुद्राला नारळ अर्पण होई, होड्या पाण्यात जात आणि त्यांच्याबरोबर निम्मा संघही. उरलेल्या हंगामात आम्ही शाळकरी पोरे घेऊन हरत असू. म्हणून जुलैमध्ये कोणी उत्साहाने विचारले की यंदा कसे, तर मी सांगत असे की हे गुण ऋतूचे आहेत, संघाचे नव्हेत.

त्या वर्षी मात्र गटात संघ कमी आल्यामुळे सामने सहाच होते आणि सहावा पौर्णिमेच्या आधीच्या शनिवारी. समोर एका कारखान्याचा संघ, आणि आम्हाला नुसती बरोबरी पुरणार होती. कोळीवाड्याचा संघ वरच्या गटात कधी गेला नव्हता.

धर्मादादांनी वाळूत बोटाने एक रेघ मारली. "ही पुनव," ते म्हणाले, आणि रेघेच्या अलीकडे सहा टिंबे काढली. "सगले अलीकडं. यंदा दर्या मधी येत नाय."

"दर्याचं काय सांगतव," हिराबाई म्हणाल्या. "त्यो तुमचे रेघेला ईचारून येतो काय?"

शनिवारी आम्ही नेहमीप्रमाणे मासळीच्या टेम्पोतून गेलो. पावसाळ्यात तो रिकामा असे, म्हणून संघाला मिळे. मागे खेळाडू, आणि त्यांच्याभोवती धर्मादादा व कोळीवाड्यातली तीसेक वयस्क माणसे, सगळी एकेकाळी होडीवर राबलेली. सामन्याच्या वेळी ही माणसे मैदानाच्या कडेला ओळीने उभी राहत आणि जाळे ओढताना देतात तेच हाकारे देत. "वड" म्हटले की आमची सगळी फळी एकदम मागे खेचली जाई, "सोड" म्हटले की चेंडू पुढे मोरेश्वरकडे सुटे. प्रतिस्पर्ध्यांना वाटे, हे नुसते ओरडतात.

त्या दिवशी मध्यंतरापर्यंत गोल झाला नाही आणि मध्यंतरात आभाळ फुटले. पंचांनी चेंडू मैदानाच्या मध्ये टाकून पाहिला. तो उसळला नाही, तरंगला. सामना रद्द झाला, आणि नवी तारीख मिळाली दोन आठवड्यांनंतरची. पौर्णिमा मध्ये आली होती.

दुसऱ्या दिवशी त्याच होडीच्या आडोशाला पुन्हा बसलो. या वेळी मोरेश्वर होता आणि म्हाताऱ्यांपैकीही बरेच जण. त्याच्या वडिलांचा पाय मे महिन्यात होडी ओढताना मोडला होता, तेव्हा सामन्याच्याच दिवसांत पडणाऱ्या पहिल्या फेरीला होडी त्यालाच न्यायची होती. अडीच महिने घरात मिळकत नव्हती. पहिली फेरी चुकली तर डिझेलवाला आणि बर्फवाला दोघेही दुसऱ्याकडे वळणार होते.

मोरेश्वर म्हणाला, "आये, एकच दिस ना गं."

"चार दिसांची फेरी हाय. एक दिस कुठचा काढतंस त्यातून?" हिराबाईंचा आवाज चढला नाही. "बापूस खाटेवर. जाल्याला कोन, तुजा चेंडू?"

मी मनात नेहमीचा हिशेब मांडत होतो: सहा वजा, उरले पाच. तेवढ्यात धर्मादादा गुडघ्यावर हात टेकून उठले.

"आमी जातंव," ते म्हणाले.

"कोन आमी?"

"आमी. पोरांचे जागी. ही होडी, आनि बाकीच्या दोनी. पोरं खेलूं देत."

हिराबाईंनी त्या पांढऱ्या डोक्यांवरून नजर फिरवली. "धर्मादादा, तुमाला जिना चढवत नाय."

"होडीला जिना कुठं हाय?"

हशा झाला, पण हिराबाई हसल्या नाहीत. होडी त्यांच्या घरातली एकमेव मिळवती वस्तू होती आणि ती त्यांना काही माणसांच्या हाती द्यायची होती, ज्यांच्यापैकी कोणी पाच तर कोणी दहा वर्षांत जाळे ओढलेले नव्हते. त्या उठल्या, झावळ्यांखाली हात घालून त्यांनी होडीची फळी चाचपली. मग म्हणाल्या, "जालं फाटलं तं शिवून द्याल?" धर्मादादांनी मान हलवली. एवढ्यावर ठरले.

पौर्णिमेला सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ समुद्राला दिला गेला. झावळ्या उतरल्या, आणि पावसाळाभर अंधारात राहिलेल्या होड्यांचे रंग एकाएकी डोळ्यांत भरले. गुरुवारी पहाटेच्या भरतीला होड्या निघाल्या तेव्हा मी कामावर जाण्याआधी तिथे जाऊन आलो. काठावर पोरे उभी होती आणि होडीवर त्यांचे काका-आजोबा. एरवी याच्या बरोबर उलट असते. मोरेश्वर वाकून वडीलधाऱ्यांना नांगराचा दोर कुठे ठेवला आहे ते सांगत होता आणि धर्मादादा त्याला म्हणत होते, "तुजे बापाला मी शिकवलंय रं."

शनिवारी टेम्पो मिळाला नाही. तो बर्फ वाहत होता. संघ दोन बस बदलून मैदानावर गेला. बायका सामन्याला येत नसत, तरणी माणसे कामावर, म्हातारे काही समुद्रावर, उरलेले बंदरावर. आठवडाभर पाऊस विरळ होता, जमीन आवळून आली होती आणि तिच्यावर श्रावणातले स्वच्छ, कोवळे ऊन पसरले होते. मी कडेला नेहमीच्या जागी जाऊन उभा राहिलो, आणि पंचांनी शिट्टी वाजवल्यावर माझ्या लक्षात आले की आमच्या बाजूला मी एकटाच आहे.

मी कधी ओरडलेलो नव्हतो. ओरडणाऱ्यांच्या मागे उभे राहून पाहणे, हा माझा समर्थनाचा प्रकार होता. पण पहिल्या काही मिनिटांतच दिसू लागले की पोरे चुकत आहेत, म्हणजे प्रत्येक जण आपापल्या परीने बरोबर आहे पण सगळे मिळून चुकत आहेत. एक मागे येई तेव्हा दुसरा पुढेच राही, आणि दोघांमधल्या फटीतून समोरचे आत शिरत. चेंडू लांब गेला की आमचे दोन-तीन जण नकळत कडेकडे बघत. तिथे चष्मा लावलेला आणि बगलेत छत्री धरलेला एक मध्यमवयीन इसम होता. समोरच्यांनी एक गोल केला. मग मी घसा खाकरून "वड" म्हणालो. आवाज बहुधा कारखान्यात एखाद्याला हाक मारावी तसा निघाला. मोरेश्वर चक्क हसला, पण मागे आला, आणि त्याच्या मागून बाकीचेही.

त्यानंतर मी शेवटपर्यंत ओरडलो. अडचण आवाजाची नव्हती, वेळेची होती. धर्मादादांचा हाकारा धोका दिसायच्या आधी येई, माझा दिसल्यानंतर. "सोड" मात्र एकदा नेमके जमले, चेंडू फळीच्या डोक्यावरून सुटला आणि मोरेश्वरने तो उसळायच्या आत जाळ्यात घातला. बरोबरी झाली. बरोबरी म्हणजे वरचा गट. सामना संपायला थोडाच अवधी असताना ते पुन्हा त्याच फटीतून आले. मी ओरडलो. उशीर झाला होता.

रविवारी दुपारी होड्या आल्या. मी मुद्दाम गेलो, कारण पोरांनी सांगण्यापेक्षा मी सांगावे असे मोरेश्वरने सुचवले होते. धर्मादादा गुडघाभर पाण्यातून उतरले. उन्हाने त्यांचे तोंड भाजले होते आणि दोन्ही तळहातांना चिंध्या बांधल्या होत्या.

"किती?"

"दोन-एक."

"कोनाचे दोन?"

"त्यांचे."

मागच्यांनी एकमेकांना सांगितले, बातमी होडीवरून होडीवर गेली. मग धर्मादादांनी विचारले, "मोऱ्यानं मारला?"

"त्यानेच."

"वड कोन सांगत व्हतं?"

"मी."

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले, चष्मा, छत्री, सगळे. "पेडनेकर," ते गंभीरपणे म्हणाले, "म्हंजी दोनच खाल्ले, लय झालं." आणि मग तीन होड्यांवरची म्हातारी माणसे हसली, आणि त्या हसण्यात पराभव कुठेतरी विरून गेला, निदान त्या दुपारपुरता.

मासळी बरी होती: पापलेट थोडे, कोळंबी, मांदेली, काही सुरमया. जाळे एका ठिकाणी फाटले होते. हिराबाईंनी वाळूवर वाटे घातले. होडीचा, जाळ्याचा, मग एकेका माणसाचा. माणसांचे सगळे उचलले गेले तरी एक उरला. मला वाटले चुकून जास्त झाला, आणि सवयीने तसे बोललोही.

"चुकून कशाला? तुमचा हाय," हिराबाई म्हणाल्या.

"माझा कसा? मी कुठे होडीवर होतो? आणि हरलो ना आपण."

"हे गेले पोरांचे जागी. ह्यांचे जागी कोन व्हतं थितं? मंग." त्या वाट्यातल्या सुरमया त्यांनी बाजूला काढल्या. "श्रावन पालताव म्हायतीय. मिठात घालून ठेवतंय. गनपती गेलं का न्या."

बसमध्ये खिडकीशी बसून मी माझा जुना हिशेब पुन्हा मांडला. सहा खलाशी गेले की आम्ही हरतो, हे मी इतकी वर्षे सांगत आलो होतो. या वेळी सहाही मैदानावर होते, आणि आम्ही हरलो होतो. कोरड्या जमिनीने हरवले असेल. समोरचा संघ चांगला होता. अर्धा चुकलेला माझा हाकारा होता. पण कोणत्याही वर्षीच्या मांडणीत मी कडेला उभ्या असलेल्या त्या माणसांना धरलेच नव्हते. पौर्णिमेनंतर जुने खलाशीही जाळी सांधायला, मासळी उतरवायला बंदरावर अडकत, कड रिकामी पडत असे, आणि मला दिसत होती ती फक्त मैदानावरची रिकामी जागा. त्या नऊ गुणांतले किती पोरांचे, किती चिखलाचे आणि किती त्या तीस घशांचे, हे मापाला लावून पाहण्याचे साधन माझ्याकडे नव्हते. आजही नाही.

गणपतीनंतरच्या पहिल्या रविवारी हिराबाई पाटी घेऊन आल्या आणि तिच्या तळातून वर्तमानपत्रात बांधलेले एक पुडके काढून त्यांनी उंबऱ्याच्या आत ठेवले. खारवलेल्या सुरमईचा वास क्षणात दोन खोल्यांत भरला. सुलभा पैशांचा डबा घेऊन बाहेर आली, आणि हिराबाईंनी हातानेच नको म्हटले आणि त्या पुढच्या दाराकडे वळल्या.

"फुकट कशाला घेतलंत?" सुलभाने विचारले.

"फुकट नाही," मी म्हणालो. "तो माझा वाटा आहे."