लावून ठेवलेले कागद

दप्तरी हे त्यांचे आडनाव नव्हते. बल्ब बनवणाऱ्या एका कारखान्याच्या कामगार संघटनेत ते एकोणिसाव्या वर्षी कारकून म्हणून लागले. तिथला प्रत्येक कागद त्यांच्या हाताखालून जाऊ लागला, तेव्हा लोकांनी हे नाव त्यांना बहाल केले आणि पुढे घरचेही त्यांना तसेच हाक मारू लागले. वडील त्याच कारखान्यात काचेच्या भट्टीवर होते. थोरली बहीण तार-खात्यात होती. त्या खात्यात सगळ्या बायकाच. केसाहून बारीक तार चिमट्याने उचलून काचेच्या दांडीवर बसवायची, एका पाळीत सातशे वेळा.

पसारा दप्तरींना सहन होत नसे. पत्नी गेल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि एकट्या माणसाच्या घरात मीठ कुठे आहे हे लिहून ठेवले. ही स्वभावातली एक निरुपद्रवी लकब म्हणून सोडून देता आली असती. परंतु त्यांच्या आयुष्यातली एकमेव मोठी चूक याच गुणातून घडली. दोषांतून झालेल्या चुकांपेक्षा गुणांतून झालेल्या चुका माणसाला अधिक जाचतात. त्यांच्याबद्दल खेद करायचा तर ज्याचा अभिमान बाळगला त्याच्याकडेच संशयाने पाहावे लागते.

कारखाना बंद पडला आणि संघटनेची कचेरी रिकामी करण्याची वेळ आली. विद्यापीठाने कामगार चळवळ आणि शहराचा इतिहास यांसाठी अभिलेखागार नुकतेच उघडले होते. ते सगळे कागद नेणार असे ठरले. माणसे यायला तीन आठवडे होते. दप्तरींनी लोखंडी कपाटे उघडली आणि त्यांना शरम वाटली. आत गाठोडीच गाठोडी होती. कित्येक वर्षांपूर्वी कारखान्यात झालेल्या मोठ्या संपानंतर प्रत्येक खात्याने आपापले कागद आपापल्या परीने बांधून आणून टाकले होते: भट्टीवाल्यांनी सुतळीने, पॅकिंगवाल्यांनी चिकटपट्टीने, तार-खात्याच्या बायकांनी निळ्या कापडाच्या पट्टीने. बहुतेक मजकूर बल्बच्या वेष्टणांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर होता. त्यावर सही नाही, तारीख नाही. कामावरून काढतील या धास्तीने कोणी नाव घालत नसे.

दप्तरींनी गाठोडी सोडली. सुतळ्या आणि पट्ट्या टाकून दिल्या. प्रत्येक चिठ्ठी वाचून, तीत कशाचा उल्लेख आहे ते पाहून, अंदाजाने पेन्सिलीने तारीख घातली आणि दिवसवार फायली केल्या. फायली बावन्न झाल्या, कारण संघटनेच्या इतिवृत्तात संप बावन्नाव्या दिवशी मिटला होता. तडजोड झाली आणि पुरुष कामावर गेले, त्यानंतर तार-खात्याच्या बायका आणखी नऊ दिवस बाहेर उभ्या राहिल्या होत्या. काढून टाकलेल्या अकरा जणींना परत घेतल्यावरच त्या आत गेल्या. हे दप्तरींना ठाऊक होते. त्यांची बहीण त्या नऊ दिवसांत घरी फक्त झोपायला येत असे. पण इतिवृत्तात ते नव्हते आणि दप्तरी इतिवृत्ताचे माणूस होते. त्या नऊ दिवसांना फाइल मिळाली नाही. त्यांतल्या चिठ्ठ्या बावन्न दिवसांत जिथे बसतील तिथे बसवल्या गेल्या.

विद्यापीठाच्या अभिलेखपाल बाई आल्या. त्यांनी पहिली फाइल उघडली, दुसरी उघडली आणि पेन्सिलीच्या तारखेवर बोट ठेवले.

"हे आधीपासून असंच होतं?" त्यांनी विचारले.

"छे हो बाई. नुसता उकिरडा होता. तीन आठवडे खपलो, तेव्हा कुठे तुम्हाला दाखवण्याजोगं झालं."

बाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि त्या म्हणाल्या, "अक्षर सुंदर आहे तुमचं."

कागदांबरोबर दप्तरींनाही विद्यापीठाने मानधनावर कामाला ठेवून घेतले. पहिल्याच आठवड्यात बाई विद्यार्थ्यांना शिकवत असताना ते मागच्या बाकावर बसले होते. बाई म्हणाल्या, "कागद ज्यांचे, त्यांनी ते जसे ठेवले तसेच राहू द्यायचे. कुठला कागद कुठल्या कागदाशेजारी होता, हीसुद्धा माहितीच असते. एकदा गठ्ठा सुटला की ती परत येत नाही." त्यांनी उदाहरण दिले नाही. दप्तरींना त्याची गरज नव्हती.

त्या दिवशी ते बोलू शकले असते. बायकांच्या गाठोड्यात साधारण काय होते, ते तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे ताजे होते. निम्मे तरी परत वेगळे करता आले असते. पण कौतुक होऊन जेमतेम पाच दिवस झाले होते. पुढे पाच महिने झाले, आणि मग अकरा वर्षे. ते वाचनकक्षात अभ्यासकांना फायली काढून देत राहिले. अभ्यासक त्यांच्या पेन्सिलीच्या तारखा उतरवून घेत. ते दिसले की दप्तरी उठून पाणी पिऊन येत. आपल्या समाजात मौनाला बहुधा संयम समजले जाते. दप्तरींचे मौन मात्र निव्वळ भित्रेपणाचे होते आणि ते त्यांना कळत होते.

मग एका मंगळवारी त्यांची बहीण वाचनकक्षात येऊन उभी राहिली. वय शहात्तर, हातात पिशवी, पिशवीत संपावरचे नवे पुस्तक.

"दप्तऱ्या, हे वाच. खूण घातलीय तिथे."

त्यांनी वाचले. महिला कामगारांनी संघटनेच्या नेत्यांच्या आदेशानुसार संपात शिस्तबद्ध साथ दिली, असे त्यात होते. नऊ दिवसांचा उल्लेख नव्हता.

"आदेश," ती म्हणाली. "ते आत जाऊन चहा पीत होते आणि आम्ही दारावर उभ्या. आदेश कुणाचा? वरून देव आला होता द्यायला? आमचं गाठोडं काढ. एकशे बारा चिठ्ठ्या आहेत, मी स्वतः मोजून बांधल्यात. त्या लेखकाला बोलावते आणि त्याच्यापुढे टाकते."

"ताई, बस जरा."

"बसायला नाही आले. आमच्यातल्या तिघी उरल्यात आता, त्यांतली एक मला ओळखत नाही. काढ."

"गाठोडं नाहीये."

"हरवलं?"

"नाही. सगळं आहे इथेच. मी... लावून ठेवलं."

तिला समजायला वेळ लागला नाही. लहानपणापासून ती त्यांना ओळखत होती.

"माझं दप्तर लावायचास शाळेत असताना, आणि मला वही सापडायची नाही," ती हळू म्हणाली. "तेव्हा दोन रट्टे दिले असते तर बरं झालं असतं. आई मध्ये पडायची."

दप्तरी हसले नाहीत. तीही हसली नाही.

त्याच दिवशी ते बाईंकडे गेले आणि सगळे सांगितले. बाईंना बरेचसे आधीच उमगलेले होते. नऊ दिवसांचे मात्र नव्हते. त्यांनी फक्त एवढेच विचारले, "अकरा वर्षं?" मग बहिणीला दर मंगळवारी बोलवावे असे ठरले. चार हजार चिठ्ठ्या होत्या. तिला स्वतःचे अक्षर ओळखू येत होते आणि खात्यातल्या आणखी चौघींचे.

ते महिने दप्तरींना सोपे गेले नाहीत. बहीण भिंग घेऊन बसे आणि ते एकेक चिठ्ठी पुढे ठेवत. 'उद्या सकाळी दारावर सहा जणी. बाळंतीण येणार नाही, तिच्या जागी मी.' ही तिची होती. 'पोरांना पाठीमागच्या गल्लीतल्या मावशीकडे सोडा, दुपारपर्यंत सांभाळते म्हणाली.' ही दुसरीची. दप्तरींनी तिच्यावर संपाचा चौदावा दिवस घातला होता.

"चौदावा? अरे, तेव्हा पोरं घरीच होती, नवरे सांभाळत होते. ते आत गेल्यावर मावशी शोधावी लागली."

"मला काय माहीत?"

"विचारायचंस. मी काय परदेशात होते? दोन गल्ल्या सोडून राहते."

विचारावे असे त्यांच्या मनातही आले नव्हते. कागद समोर असताना माणसाला विचारायचे कशाला, अशी त्यांची आयुष्यभराची धारणा होती.

एकशे बारापैकी एकतीस चिठ्ठ्या निघाल्या. त्या नऊ दिवसांसाठी वेगळी फाइल झाली. सूचीत बाईंनी टीप लिहिली की कागदांची मूळ रचना हस्तांतरणापूर्वी बदलण्यात आली.

"कोणी बदलली ते लिहा," दप्तरी म्हणाले.

"तशी पद्धत नाही, काका. आणि तुम्हाला कशाला उगाच..."

"आपोआप बदलली असं वाटतं त्यानं. आणि तारखा कोणी घातल्या तेही लिहा. नाहीतर मी खोडून टाकतो त्या."

"खोडू नका. आता त्याही त्या कागदाचा भाग आहेत." बाईंनी टीप बदलली: रचना संघटनेच्या कारकुनाने बदलली, तारखाही त्याच्या अंदाजाच्या आहेत, विश्वासार्ह नाहीत. दप्तरींनी ती दोनदा वाचली आणि मान हलवली.

बत्तिसाव्या चिठ्ठीशी बहीण अडली. भिंग खाली ठेवून ती डोळे चोळत राहिली.

"ही आमची असेल," ती म्हणाली.

"असेल की आहे?"

"तेच तर. गेले दोन मंगळवार मी ओळखत नाहीये रे, अंदाज करतेय. अंदाज तू केलास तेवढा पुरे झाला." तिने चिठ्ठी त्यांच्याकडे सरकवली आणि पिशवी उचलली. "एकतीस तर एकतीस. त्या लेखकाला तेवढ्या दाखव."

त्यानंतर ती आली नाही. लेखक आला, त्याने एकतीस चिठ्ठ्या पाहिल्या. त्यांवरून बायकांचे स्वतंत्र नियोजन होते असे म्हणायला जागा आहे, पण निश्चित विधान करण्याइतका पुरावा नाही, असे तो नम्रपणे म्हणाला. त्याचे चुकले नव्हते.

निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या महिन्यात दप्तरी एकटेच उरलेल्या फायली चाळत होते. अकराव्या दिवसाच्या फायलीत एक चिठ्ठी निघाली. अक्षर अनोळखी, मजकूर एका ओळीचा: 'आज कोणी रडू नका, आतून बघतात.' संपाच्या अकराव्या दिवशी आत कोण होते? साहेब आणि पहारेकरी. पण बावन्नाव्या दिवसानंतर आत आपलीच माणसे होती, नवरे आणि भाऊ. खिडक्यांशी उभे राहून बाहेर बघणारे. दप्तरी स्वतः त्या दिवसांत कारखान्यातल्या संघटनेच्या खोलीत बसत. तिला दाराच्या बाजूची खिडकी होती.

संध्याकाळी ते बहिणीकडे गेले आणि ती ओळ तिला म्हणून दाखवली.

तिने ती ओळ स्वतःशी पुन्हा म्हटली. "असं आम्ही म्हणायचो खरं," ती म्हणाली. "पण सगळ्याच म्हणत असतील. पॅकिंगमध्येही बायका होत्याच की." मग तिने त्यांच्याकडे पाहिले. "तू बघायचास का रे तेव्हा आतून?"

"बघायचो."

"मग रडलो का आम्ही?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती चिठ्ठी नऊ दिवसांच्या फायलीशेजारी ठेवून पाहिली. तिथे ती अगदी बरोबर बसत होती. इतकी बरोबर बसते म्हणूनच त्यांनी ती उचलली, अकराव्या दिवसाच्या फायलीत परत घातली आणि कपाट बंद केले.