फवाऱ्याच्या टाकीतलं तेल

गाडीच्या पुढच्या काचेवर पाणी उडतं, त्याला आमच्या घरात फवारा म्हणतात. नाव सासऱ्यांनी ठेवलेलं. बाबा डिफेन्सच्या कारखान्यातून रिटायर झाले. उभी नोकरी तयार मालाची तपासणी करण्यात गेली. त्यामुळे बॉनेट न उघडता रविवार गेला तर त्यांना जेवण जात नाही. ऑइल, रेडिएटर, बॅटरी, आणि सगळ्यात शेवटी निळ्या झाकणाची फवाऱ्याची टाकी. दुकानातलं निळं पाणी ते आणू देत नाहीत. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पाण्यात थोडा शाम्पू कालवून जुन्या बाटलीत भरून ठेवतात, तेच टाकीत जातं. मी या सगळ्याला हसायचे. नातीला शाळेत सोडून परत येणाऱ्या गाडीची एवढी बडदास्त कशाला, असं मला वाटायचं.

मी साताऱ्याची. लग्न होऊन जबलपूरला आले तेव्हा म्हटलं, मराठी घर आहे, निदान भाषेची चिंता नाही. पहिल्याच आठवड्यात आईंनी ओट्यावरच्या भांड्याकडे बोट दाखवून सांगितलं, "ते ताक टाकून दे." मी भांडंभर ताक मोरीत ओतून मोकळी झाले. त्यांना ते कढीत हवं होतं. इथल्या मराठीत टाकून दे म्हणजे घाल. हिंदीतलं 'डाल दे' मराठी कपडे घालून बसलेलं. आमच्याकडे टाकून दे म्हणजे फेकून दे. त्या कढीवरून मला अजून चिडवतात. आता मीही घरात बऱ्यापैकी इथल्यासारखी बोलते, पण घाईत असले की तोंडातून साताराच बाहेर पडतो.

त्या रविवारीही मी घाईतच होते. बाबा अंगणात बॉनेट उघडून उभे, मी स्वयंपाकघरात. शाम्पूच्या पाण्याची बाटली व्हरांड्यात खिडकीपाशी असते. कोपऱ्यात दुसरी एक होती, तळणाच्या उरलेल्या तेलाची, खवट झालेली. बाबांनी बाहेरून काहीतरी विचारलं. मिक्सरच्या आवाजात मला धड ऐकू आलं नाही. तेल मात्र आठवलं, म्हणून मिक्सर थांबवून मी खिडकीतून ओरडले, "बाबा, कोपऱ्यातली ती बाटली तेवढी टाकून द्या!"

"अच्छा, टाकून देतो," बाबा म्हणाले. एक काम हातावेगळं झालं म्हणून मला बरं वाटलं.

त्याच आठवड्यात बँकेच्या कामासाठी मला कुंडम गावाला जायचं होतं. एरवी मी स्कूटरने फिरते, पण तेवढं लांब जायचं म्हणून गाडी घेतली. जाताना काही नाही. एकदोनदा फवारा मारला, पाणी उडालं, काच साफ झाली. परतताना ऊन समोरून तिरपं येत होतं आणि पुढे एक ट्रक धूळ उडवत चाललेला. काचेवर लाल थर बसला. मी फवाऱ्याची दांडी ओढली.

पाणी आलं नाही. काहीतरी पिवळं, जड, काचेवर पसरलं. वायपरने ते इकडून तिकडे सारवलं आणि समोरचं सगळं नाहीसं झालं. रस्ता नाही, ट्रक नाही, झाडं नाहीत. नुसता पिवळा उजेड. मी पुन्हा दांडी ओढली, म्हणजे अजून तेल. समोरून कोणाचा तरी हॉर्न येत होता, जवळ जवळ येत होता, आणि मला माझी बाजू कोणती तेच कळेना. खिडकीतून डोकं बाहेर काढून, डाव्या अंगाला खडी लागेपर्यंत गाडी नेली आणि थांबवली. माझ्याशेजारून एक बस गेली. गाडी हलली एवढ्या जवळून गेली.

किती तरी वेळ स्टिअरिंगवरचे हात सुटेनात. मग वास आला. कांदाभज्यांचा. जंगलातल्या रस्त्यावर माझी गाडी भज्यांचा वास मारत उभी होती, आणि मला हसू येण्याऐवजी रडू फुटलं. पुढच्या चहाच्या टपरीपर्यंत ओढणीने काच पुसत आले. तिथे भांडी घासायची पावडर मागून काच धुतली.

घरी येऊन बॉनेट उघडलं, निळं झाकण काढलं. आत तेल. रविवारी टाकीत थोडं पाणी होतं. तेल वर तरंगलं, खालचं पाणी संपेपर्यंत फवारा नीट चालला, आणि मग पंपाने तेल ओढलं. माझं टाळकं सरकलं. "बाबा, टाकीत तेल कोणी घातलं?"

"मीच टाकलं. तूच तर म्हणाली, कोपऱ्यातली बाटली टाकून द्या. मी विचारून राहिलो होतो, फवाऱ्याचं पाणी कुठं आहे."

घरात हशा पिकला. नवरा तर खुर्चीत मागे रेलून हसला. कढीचा बदला पूर्ण झाला म्हणाला. मीही हसले. शब्दाचा घोळ, दुसरं काय. बाटली फेका म्हटलं, त्यांनी ओता असं ऐकलं. मनातली भीती जरा उतरली.

संध्याकाळी मी अंगणात टाकी साफ करायला बसले. नळीने तेल बाहेर काढलं, मग गरम साबणाचं पाणी घालून पुन्हा पुन्हा उपसलं. बाबा शेजारी उभे राहून सूचना करत होते. आणि हात चिकट झाला तेव्हा माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. ओतायला सांगितलं असं त्यांना वाटलं, हे ठीक. पण ओतताना? पाणी आणि तेल? बारीकसा चरासुद्धा मालात चालू न देणारा माणूस हा.

"बाबा, ते पिवळं होतं. दिसलं नाही तुम्हाला?"

"सावली होती बॉनेटची," ते म्हणाले. "अन् सर्दी होती मला, वास नाही आला."

मी टाकीचं झाकण त्यांच्यापुढे जरा उजवीकडे धरलं आणि म्हटलं, "घ्या, लावा." त्यांनी हात पुढे केला. हात झाकणाच्या वीतभर अलीकडे हवेत बंद झाला. पुन्हा उघडला, पुन्हा हवेतच. मग ते हसले आणि हात खिशात घातला.

दुपारी बस अंगावर आली तेव्हाही मी इतकी घाबरले नव्हते. हा माणूस रोज सकाळी माझ्या मुलीला गाडीतून शाळेत नेतो.

मी तशीच तेलकट हातांनी आत गेले. आई मेथी निवडत होत्या. रोज गाडीत त्या बाबांच्या शेजारी बसतात. "आई, बाबांना दिसत नाही. तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी मेथी निवडणं थांबवलं नाही. "उजव्या डोळ्यानं नाही दिसत. डाव्यानं समोरचं दिसते, बाजूचं नाही."

"कधीपासून?"

"झाले बाप्पा बरेच दिवस. मी सांगत जाते नं त्यांना. रिक्षा येऊन राहिली, गाय बसली आहे, आता हळू घ्या. रस्ता तर पाठच आहे त्यांना."

"आई, मागच्या सीटवर माझी मुलगी असते!"

"म्हणून तर मी रोज जाते," आई म्हणाल्या. "नाही तर सकाळी सकाळी माझं काय काम आहे शाळेत?"

मला ओरडायचं होतं. पण त्यांच्या आवाजात लपवाछपवी नव्हती, उलट जबाबदारी चोख पार पाडल्याचा सूर होता, आणि त्यानेच मी जास्त हादरले. घरात दोन माणसं मिळून एक गाडी चालवत होती, आम्हाला पत्ता नव्हता.

नवऱ्याचं हसू त्या संध्याकाळी बंद झालं. दुसऱ्याच दिवशी आम्ही बाबांना नेपियर टाउनमधल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मला आशा होती मोतीबिंदूची. छोटं ऑपरेशन, महिनाभरात माणूस पुन्हा बॉनेटपाशी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी सांभाळायची. बाबांनी नीट ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर ऑटोत बसताना एवढंच बोलले, "चलो, रिजेक्ट झाला माल." आईंनी तोंड फिरवलं. नवरा ऑटोवाल्याला उगीचच रस्ता समजावत बसला.

त्यानंतरच्या पहिल्या सकाळी गाडी मी काढली. आई मागे नातीशेजारी बसल्या. बाबा फाटकापर्यंत आले. गाडी रिव्हर्समध्ये बाहेर घेऊन मी फाटकाच्या बाजूला, भिंतीलगत थांबवली, कारण मुलीची पाण्याची बाटली राहिली होती आणि नवरा ती आणायला आत पळाला होता. तेवढ्यात समोरच्यांची गाडी निघाली. आमच्यासारखीच पांढरी. ती बाबांच्या पुढून सरळ गेली.

बाबांनी हात वर केला. ती गाडी वळेपर्यंत ते मोठ्या कौतुकाने हात हलवत राहिले. "आरामात जा गं," असंही म्हणाले. आम्ही त्यांच्या बाजूलाच होतो, हाकेच्याही अलीकडे.

मागून मुलगी म्हणाली, "मम्मी, आजोबा त्या लोकांना काहून टाटा करून राहिले?"