झिरो बघा: सुपरचार्जरची गाडी, रेडिमेड ट्यून आणि काकांचा ऊस

नाशिकहून चांदवड, पुढे राहुड घाट, तिथून मागे फिरून मनमाड आणि निफाडवरून घरी, असा दिवसभराचा फेरा आम्ही ठरवला तो काही निसर्ग बघायला नव्हे. अमोलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, गाडीची नवी ट्यून बघायची होती. मला गाडी घरात राहते की जाते ते बघायचं होतं.

अमोलने त्याच्या जुन्या सेडानला हौसेने सुपरचार्जर बसवून घेतलाय. इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा हा पंप इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. जास्त हवा आली की पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, हे गाडीच्या कॉम्प्युटरला नव्याने शिकवावं लागतं. त्या शिकवणीला ट्यून म्हणतात. ती एकतर परदेशातून तयार फाइल म्हणून मागवायची, नाहीतर चाकं जागच्या जागी फिरवणाऱ्या रोलरवर गाडी चढवून तिच्याच मापाची करून घ्यायची. रेडिमेड ब्लाउज की शिवलेला, इतकं सोपं आहे ते. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एक ताई अशी कस्टम ट्यून करतात, पण त्यांच्याकडे भलीमोठी वेटिंग. अमोलला कुठला धीर? त्याने रेडिमेड मागवली.

फाइल विकणाऱ्याने व्हिडिओ कॉलवर त्याची उलटतपासणी घेतली तेव्हा मी शेजारी मटार सोलत होते. पेट्रोलमध्ये इथेनॉल घालता का, असं त्याने विचारलं.

"छे, आम्ही काही म्हणजे काही घालत नाही," अमोलने छाती फुगवून इंग्रजीत सांगितलं. मलाही ते पटलं. कोण कशाला घालायला जातंय?

फोन ठेवल्यावर मी अट घातली. या फाइलने इंजिनाचं काही वाकडं झालं, तर गाडी विकायची आणि मुकाट्याने बॅटरीवाली घ्यायची. अमोल लगेच म्हणाला, "कबूल." दसऱ्याला घरातल्या देवांआधी गाडीला हार घालणारा हा माणूस इतक्या सहज हो म्हणाला, तो माझा पहिला धक्का.

सकाळी घराजवळच्या पंपावर टाकी फुल केली. पंपावरचे मामा सवयीने म्हणाले, "साहेब, झिरो बघा." अमोल खिडकीतून वाकला, डोळे बारीक करून झिरो बघितला आणि समाधानाने मान हलवली. फसवून घेणाऱ्यातला नाही तो.

हायवे छान आहे. ओझरनंतर द्राक्षबागा सुरू होतात, पिंपळगावात क्रेट भरलेले टेम्पो रस्ता अडवतात, तेवढा वेळ हाताशी ठेवा. फास्टॅगही बघून निघा. मिसळ पिंपळगावातच खाऊन घ्या. आम्ही खाल्ली तिथे रस्सा मागाल तितका देतात आणि पापड न मागता येतो. अमोल मात्र मिसळ खातानाही गाडीकडे बघत होता. गाडी खरंच पळत होती, खोटं कशाला बोलू. ट्रकला ओलांडताना पाठ सीटला चिकटायची आणि सुपरचार्जरची शिट्टी ऐकून मलाही हसू यायचं.

राहुड घाटात ते हसू गेलं. चढावर अमोलने पाय दाबला आणि बॉनेटखालून आवाज आला, पत्र्याच्या डब्यात कोणी हरभरे हलवावेत तसा.

"अमोल, हे काय वाजतंय?"

"खडी असेल टायरखाली."

"खडी इंजिनात कशी वाजेल? पाय काढ. आत्ता काढ."

त्याने पाय काढला आणि आवाज थांबला. डॅशबोर्डवर पिवळा दिवा मात्र लागला. तिथून पुढे आम्ही बैलगाडीच्या चालीने निघालो. मनमाडजवळचा तो अंगठ्यासारखा सुळका जरूर बघा, गुरुद्वारात लंगरही घ्या. आम्ही दोन्ही केलं, पण काय बघितलं आणि काय खाल्लं ते विचारू नका. माझी अट आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती.

परतीला लासलगाव, विंचूर करत निफाडजवळच्या गावी अमोलच्या काकांकडे थांबलो. ऊसतोड नुकतीच झाली होती. काकूंनी भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "काका, यंदा साखर स्वस्त होईल का?"

"आपल्या उसाची साखर कुठं हाय आता, सूनबाई? कारखाना इथेनॉल करतोय त्याचं. पेट्रोलात जातंय."

अमोलचा घास हातातच राहिला. "कुठल्या पेट्रोलात?"

"कुठल्या म्हंजे? सगळ्याच. तुझ्या गाडीत काय गंगेचं पाणी हाय? वीस टक्के असतंय पंपावरच. तुला म्हाईत नाय?"

आम्ही दोघं चाट पडलो. पेपरात, टीव्हीवर हे शंभरदा कानावरून गेलं होतं. पण अमोलला वाटलं होतं, इथेनॉल म्हणजे बाटलीतून वेगळं घालायची वस्तू. आम्ही घालत नाही, म्हणजे ते नाही. घरचा ऊस त्याच्याच टाकीत होता आणि हा परदेशी माणसाला छाती फुगवून नाही म्हणाला होता.

सोमवारी गाडी अंबडला नेली. मध्येच कोणाचं तरी काम रद्द झाल्याने त्या ताईंनी आम्हाला घेतलं. त्यांनी इंजिनातला ठिणगी पाडणारा प्लग काढून आमच्यापुढे धरला. पांढऱ्या भागावर चंदेरी ठिपके होते.

"हे पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे," त्या म्हणाल्या. "इथेनॉल असलं की पेट्रोल जास्त सोडावं लागतं. तुमच्या फाइलने कमीच सोडलं. घाटात अजून थोडा पाय दाबला असता, तर पिस्टनला भोक."

अमोलने माझ्याकडे बघितलं. "वाकडं झालंच म्हणायचं. अट अट आहे," तो म्हणाला आणि गाडीची किल्ली माझ्यापुढे धरली. विनवणी नाही, वाद नाही. तो वाद घालेल, याची तयारी मी सगळ्या प्रवासात केली होती, याची नव्हती. मी किल्ली त्याच्याकडून घेतली आणि ताईंच्या हातात दिली. "मापाची शिवून द्या," म्हटलं.

तुम्हीही सुपरचार्जर लावणार असाल, तर रेडिमेड फाइल वाईटच असते असं मी म्हणणार नाही. ती ज्या पेट्रोलासाठी बनली ते तुमच्या पंपावर मिळत असेल, तर खुशाल घ्या. आधी पंप बघा, एवढंच.

नव्या ट्यूननंतर पहिल्यांदा टाकी भरायला त्याच पंपावर गेलो. आता शिट्टी आहे, हरभरे नाहीत. मामा म्हणाले, "साहेब, झिरो बघा." अमोल वाकला आणि तसाच राहिला. मी उतरून बघितलं. झिरोच्या खाली, वीतभर अंतरावर, उन्हाने फिका पडलेला स्टिकर होता: इथेनॉल वीस टक्के.

"मामा, हा कधी लावला?" अमोलचा आवाज बारीक झाला होता.

"लय दिवसांपासून हाय, साहेब. पण सगळे झिरोच बघतात."