डाव्या बाजूची कडी

इस्पितळाच्या खरेदी विभागात एकतीस वर्षं काढलेल्या बाईंना सगळे टेपवाल्या बाई म्हणत. पर्समध्ये एक वेळ कंगवा नसेल, पण मोजायची टेप हवीच. मुलाने नवं घर घेतलं तेव्हा बाकीची मंडळी कौतुकाने खिडकीतून बाहेर बघत होती आणि बाई दारांची रुंदी मोजत होत्या. अशी ही बाई!

निवृत्तीला चार महिने उरले असताना त्यांच्या टेबलावर जेवणाच्या गाड्यांचं टेंडर आलं. वॉर्डात रोग्यांना जेवण नेतात त्या ढकलगाड्या. विभागाची पद्धत फार सोपी होती. मागची फाईल काढायची, तारीख बदलायची आणि बाकीचा मजकूर जसाच्या तसा उतरवायचा: पत्र्याची जाडी, चाकांचा आकार, आणि शेवटी 'डाव्या बाजूस खाली एक कडी'. ही कडी कशाला, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. बाईंनीही आजवर सहा वेळा ती निमूटपणे उतरवली होती. या खेपेला का कोण जाणे, त्यांचं पेन तिथे अडलं. त्यांनी कधीच निवृत्त झालेल्या जुन्या भांडारपालाला फोन लावला. तो खो खो हसत सुटला.

"अहो बाई, नमुन्याला आणलेली पहिली गाडी दूधवाल्याची होती. त्या कडीला तो कॅनचं झाकण बांधायचा!"

म्हणजे इतकी वर्षं अख्खं इस्पितळ दूधवाल्याची कडी जिवापाड सांभाळत होतं. बाईंना आधी हसू आलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून त्या गाडी ढकलणाऱ्या मावशींच्या मागे फिरू लागल्या. आठ दिवस, टेप आणि वही घेऊन. गाडी वळवायला दोन्ही हात आणि वर एक गुडघा लागायचा. खडखडाट असा, की नुकता कुठे डोळा लागलेला रोगी दचकून उठायचा. शेवटच्या खाटेपर्यंत जेवण पार गार. मावशी कंबर धरून चालायच्या. बाई मोजत गेल्या, लिहीत गेल्या.

मग त्यांनी जे टेंडर लिहिलं ते वाचून अधीक्षक साहेबांनी चष्मा काढला.

"बाई, हे टेंडर आहे की सासूने सुनेला दिलेली कामांची यादी?"

कारण त्यात पत्रा नव्हता, चाकं नव्हती. होतं ते एवढंच: भरलेली गाडी एका हाताने वळली पाहिजे. झोपलेला माणूस जागा होता कामा नये. शेवटच्या खाटेलाही जेवण गरम मिळालं पाहिजे. कशी बनवायची ते बनवणाऱ्याने ठरवावं. सगळ्यांची परीक्षा वॉर्डातच, आणि पहिल्या परीक्षेनंतर चुका सुधारायला प्रत्येकाला पंधरा दिवस.

"आणि पाच वर्षांच्या अनुभवाची अट?"

"काढली. ज्यांना अनुभव आहे त्यांच्याच गाड्या खडखडतायत, साहेब."

"एकही गाडी पास झाली नाही तर?"

"तर काढा जुनंच टेंडर."

साहेबांनी नियमांचं पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं. मनाई कुठेच नव्हती. त्यांनी सही केली, पण बाईंच्या जबाबदारीवर. बाईंना पुरतं कळत होतं, की हे फसलं तर आपण जाता जाता तोंडघशी पडू, आणि पुढे कित्येक वर्षं कोणी त्या फाईलला हात लावायला धजणार नाही.

तिघे आले. दोघे जुनेच पुरवठादार. त्यांनी तीच गाडी नवा रंग मारून आणली होती, कडीसकट. तिसरी एक बाबागाड्या बनवणारी बाई होती. लहानसं वर्कशॉप, हाताखाली चार माणसं. सरकारी कचेरीची पायरी ती पहिल्यांदाच चढत होती.

"जेवणाची गाडी मी जन्मात केलेली नाही," तिने आधीच सांगून टाकलं. "पण झोपलेल्याला न उठवता फिरवायचं, हे माझं रोजचंच काम आहे."

भर दुपारी, वॉर्ड झोपलेला असताना परीक्षा झाली. जुन्या दोन्ही गाड्यांनी निम्मा वॉर्ड उठवला. बाबागाडीवालीची गाडी मात्र एका हाताने वळत पार शेवटच्या खाटेपर्यंत गेली तरी कोणी कूस बदलली नाही, आणि जेवणही गरमच होतं. बाईंचा जीव भांड्यात पडला. आणि मग दारापुढचा उतार आला. दार उघडायला मावशींनी हात सोडला, तशी गाडी मागे घरंगळली ती थेट साहेबांच्या पायावर.

"संपलं!" साहेब पाय चोळत म्हणाले.

"पंधरा दिवस आहेत," बाई म्हणाल्या. टेंडरातली ती ओळ त्यांनी बोट ठेवून दाखवली.

ते पंधरा दिवस बाबागाडीवाली वर्कशॉपपेक्षा वॉर्डातच जास्त दिसली, मावशींशी गप्पा मारत. इकडे बाईंना घास गोड लागेना. "मुलाच्या परीक्षेलाही तू एवढी घाबरली नव्हतीस," नवरा म्हणाला. त्यावर त्या त्याच्या अंगावर खेकसल्या.

दुसऱ्या परीक्षेला उतारावर मावशींनी हात सोडला आणि गाडी जागच्या जागी थांबली. दांडा सोडला की ब्रेक आपोआप लागत होता. बाईंचे डोळे भरून आले. तेवढ्यात साहेब वाकून म्हणाले, "ही काय भानगड? टेंडरात तर नाही."

उजव्या बाजूला, दांड्याशेजारी, एक कडी होती.

"कडी?" बाई कडाडल्या. "ती घालवायला मी जिवाचं रान केलं! कोणी सांगितली लावायला?"

"मी," मावशी म्हणाल्या. "पिशवीत माझी औषधं असतात, चष्मा असतो, घराची किल्ली असते. ती अडकवू कुठे? जुन्या कडीला अडकवता-काढता दिवसातून पन्नास वेळा वाकायचे. कंबर तिथेच गेली माझी."

"अहो मावशी, आठ दिवस तुमच्या मागे फिरले मी! बोलला का नाहीत?"

"तुम्ही मोजत होतात. विचारलंत कुठे? हिने विचारलं."

 बाईंनी फाईल मागवून घेतली आणि 'गाडी मंजूर' या शेऱ्याखाली आपल्या हाताने लिहिलं: 'उजव्या बाजूस, दांड्याजवळ, एक कडी. कारण, मावशींना पिशवी अडकवायला.' त्या फाईलमध्ये कुठल्याही वस्तूपुढे कारण लिहिलं गेलं ते पहिल्यांदाच. साहेबांनी सही केली.

बाईंनी टेप पर्समध्ये टाकली आणि मावशींच्या शेजारी बाकावर बसल्या.

"आता सांगा," त्या म्हणाल्या, "आणखी काय काय राहिलंय?"