सहा वर्षांच्या सहा सह्या

घराचं कर्ज मुदतीआधी फेडायचं हे आमच्या घरात ठरलं, ते व्याज वाचावं म्हणून नव्हे. व्याज ही गोष्ट मला कधी नीट समजली नाही. बायकोला समजत होती, पण तिचा राग व्याजावर नव्हता, सकाळच्या गाडीवर होता.

ती अकोल्याच्या एका शाळेत लिपिक. माहेर बार्शीटाकळीचं, त्यामुळे नोकरी लग्नाआधीच अकोल्यात लागलेली. लग्न होऊन ती अमरावतीला आली, नोकरी तिथेच राहिली. खासगी संस्थेच्या शाळेतून बदली मिळत नाही. मग रोज राजापेठेतून ऑटोनं बडनेरा, बडनेऱ्याहून रेल्वेनं अकोला आणि संध्याकाळी तेच उलट. आमच्याकडे याला अप-डाऊन म्हणतात. निम्मं वऱ्हाड ते करतं, म्हणून कोणी कोणाची कीव करत नाही. पण पुढे तिच्या टाचा दुखू लागल्या, मग कंबर. डॉक्टरांनी सांगितलं, प्रवास कमी करा. असा सल्ला द्यायला फी लागते, हे तेव्हा कळलं.

मी एका कॉलेजात ग्रंथपाल. पगार वेळेवर येतो, पण फार काही येतो असं नाही. आम्ही पंधरा वर्षांचं कर्ज काढून तीन खोल्यांचं घर घेतलं आणि हप्त्याला दोघांचे पगार लागू लागले. कर्ज मंजूर झालं त्याच दिवशी ती म्हणाली, "कर्ज फिटलं का मी घरी बसीन. मंग मले कोणी उठवाचं नाई."

कर्ज लवकर फेडायचा मार्ग एकच होता, संत्री. शेंदूरजनाघाटला आमची बाग आहे, भाऊ पाहतो. दरवर्षी आंबिया बहार व्यापाऱ्याला विकला की तो माझा हिस्सा घेऊन स्वतः अमरावतीला येई. माझ्या हातात पिशवी देताना त्याचं एक वाक्य ठरलेलं. "घे बापा. सरळ बँकेत जाय. पुस्तकाच्या दुकानावरून नोको जाऊ."

मी सरळ बँकेत जाई. तिथल्या तेव्हाच्या मॅनेजरांनी पहिल्याच वर्षी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडून दिला होता. हप्ता आहे तोच चालू ठेवायचा, बागेचे पैसे दरवर्षी वरून भरायचे, म्हणजे सातव्या दिवाळीला कर्ज संपतं. बायकोनं तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. दर बहारानंतर ती त्यावर एक रेघ मारी. तिच्या लेखी ती रेघ म्हणजे गाडीचे काही महिने कमी.

मॅनेजर मला 'साहित्यिक' म्हणत. मी साहित्यिक नाही, साहित्यिकांची पुस्तकं धूळ झटकून ठेवतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. एरवी कोणाला शाल घातली जाताना दिसली की मला हसू येतं. हारतुऱ्यांच्या कार्यक्रमांना मी मागच्या खुर्चीवर बसतो, लवकर उठता यावं म्हणून. पण त्या काचेच्या केबिनमध्ये चांगल्या कपातून चहा येई, मराठी दिनाला भाषण कराल का अशी विचारणा होई, आणि मी खुर्चीत जरा पसरून बसे. चहाबरोबर ट्रेमधून फॉर्म येई. तो भरलेलाच असे. "आपण फक्त सही करा, सर." मी त्यांना भिंतीवरच्या फलकातली भाषेची चूक समजावून सांगत होतो, आणि सांगता सांगता सही करत होतो.

पहिल्या वर्षी पैसे भरल्यावर मोबाईलवर मेसेज आला, हप्ता कमी झाला. मी तो बायकोला मोठ्यानं वाचून दाखवला. तिनं विचारलं, "अन् मुदत?"

"दोन्ही कमी होतच असतं," मी म्हणालो. "साधं गणित आहे."

गणितात मी दहावीला जेमतेम पास झालो होतो हे ती विसरली, आणि मीही विसरलो. पुढे दरवर्षी हप्ता उतरत गेला आणि आम्ही दरवर्षी खूश होत गेलो. हाती उरलेल्या पैशांतून एका वर्षी कूलर आला, एका वर्षी इन्व्हर्टर, एका वर्षी सोफा. कर्ज इतकं झपाट्यानं उतरतंय तर थोडं बसायला बरं हवं, असं मीच म्हणालो होतो.

सातवं वर्ष उजाडलं. तिनं मुख्याध्यापिकाबाईंना तोंडी सांगून टाकलं की दिवाळीनंतर मी येणार नाही. बाईंनी हळहळ व्यक्त केली आणि आठवडाभरात आपल्या भाचीचं नाव त्या जागेसाठी पुढे केलं. दिवाळीला दोन महिने असताना मी बँकेत गेलो, आता शेवटी किती भरायचे ते विचारायला. मॅनेजर बदललेले होते. चहा आला नाही. काउंटरवरच्या मुलीनं संगणक माझ्याकडे वळवला.

"सर, मुदत तशीच आहे. आठ वर्षं बाकी."

"मी सहा वर्षं वरून पैसे भरतोय."

"हो, म्हणून तर हप्ता इतका कमी झाला." तिनं फाइल काढली. "पैसे भरल्यावर दोन पर्याय असतात. हप्ता तोच ठेवून मुदत कमी करायची, नाहीतर मुदत तीच ठेवून हप्ता कमी करायचा. तुम्ही दरवेळी हप्ता कमी करा म्हणून लिहून दिलंय."

सहा फॉर्म होते. सहाही फॉर्मवर एकाच चौकोनात बरोबरची खूण. बहुतेक लोकांना तेच हवं असतं, म्हणून ती आधीच केलेली असते, असं तिनं सांगितलं. खाली माझी सही. माझी सही चांगली आहे, आजही कोणीही वाचू शकेल अशी.

दोन दिवस मी घरी काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्याबरोबर निघालो. अकोल्याला एक जुनं पुस्तक पाहायचं आहे, असं सांगितलं. ते तिला खरं वाटलं, कारण असल्या कामासाठी मी याआधीही गेलो आहे.

इतक्या वर्षांत तिचा गाडीतला डबा मी पाहिला नव्हता. बडनेऱ्याला चढल्या चढल्या बायकांनी तिच्यासाठी खिडकीची जागा मोकळी केली. एक नर्स, एक कोर्टातल्या बाई, दोन शिक्षिका. सगळ्यांच्या मांडीवर पिशव्या, आणि बरबटीच्या शेंगा मोडणं चाललेलं. संध्याकाळची भाजी सकाळीच.

"भाऊजी," नर्सबाई म्हणाल्या, "दिवाळीपासून तुमाले गरम पोया भेटतीन आता."

"अवो, त्या घरी बसून राहिल्या का पोया लाटाले?" कोर्टातल्या बाई म्हणाल्या. "झोपतीन त्या. मी असती तं आठ दिवस उठलीच नसती."

"अन् ह्या खिडकीसाठी आमी भांडून राहिलो, भाऊजी. तुमीच सांगा, कोणाले द्याची?"

बायको हसत होती. मी शेंगा मोडत होतो, कारण मलाही मूठभर दिल्या होत्या. मूर्तिजापूरला शिक्षिका उतरल्या.

अकोल्याच्या फलाटावर बाकडं दिसलं तिथे तिला बसवलं आणि सांगितलं. एका दमात सांगितलं, फॉर्म, चौकोन, खूण, सगळं. ती ऐकत होती. चपलेतून टाच बाहेर काढून तिनं फरशीवर टेकवली.

"किती?"

"आठ वर्षं."

"चष्मा नवता का तुमच्याजवळ?"

"होता."

"माह्या भावाच्या लग्नाच्या पत्रिकेतल्या चुका काढल्या तुमी. मांडवात. सगळ्या पाहुण्याईसमोर." ती थांबली. "तिथं पेन काहाडला होता खिशातून."

मी मान हलवली. समोरून एक मालगाडी गेली, चांगली लांब होती, संपेपर्यंत बोलायची गरज नव्हती. मग ती एकच शब्द म्हणाली.

"सोफा."

तिच्या आवाजात चीड असती तर मला सोपं गेलं असतं. ती उठली, पदर नीट केला. शाळेची वेळ झाली होती, आणि त्याआधी तिला मुख्याध्यापिकाबाईंच्या केबिनमध्ये जाऊन सांगायचं होतं की मी जात नाही, भाचीला थांबायला सांगा.

"मी येऊ?" मी विचारलं.

"या ना. सही लागली तं?"

त्यानंतरचा कारभार तिनं हातात घेतला. पुढच्या आठवड्यात अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती बँकेत आली. फॉर्म घेतला आणि काउंटरवरच उभी राहून वाचायला लागली. पहिली बाजू, मग मागची बाजू, मग तळाची बारीक अक्षरं. मागे रांग वाढली. एक गृहस्थ म्हणाले, "बाई, जरा लवकर करा ना."

"मले सहा वर्षं लागली, भाऊ. तुमाले पाच मिनिटं नाई थांबता येत?"

हप्ता पहिल्याइतका करून घेतला. मुदतीच्या चौकोनात तिनं स्वतः खूण केली, इतकी जोरात की खालच्या कागदावर उमटली. काउंटरवरच्या मुलीनं हिशेब करून सांगितलं, पूर्वीचा हप्ता आणि बागेचे पैसे असे धरले तर सव्वादोन वर्षं. बायको बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत होती. टाचांचा हिशेब त्यात कुठे बसतो ते पाहत असावी.

मी घरी आल्यावर जाहीर केलं की कर्ज फिटेपर्यंत पुस्तक घेणार नाही. त्यागाचं भाषण थोडं लांबलं असावं. ती भांडी लावत होती. "पुस्तकं घ्या तुमी," ती म्हणाली. "त्यानं काई होत नाई. फक्त फार्म मी वाचीन." सोफा मात्र गेला, घेतला त्याच्या पावकिमतीत. आम्ही परत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसू लागलो. रोज सकाळी बडनेऱ्यापर्यंत तिला स्कूटरवर सोडायचं काम मी मागून घेतलं. त्यामुळे ऑटोचं भाडं वाचलं, पण टाचांना काही फरक पडला नाही. ती संध्याकाळी गरम पाण्याच्या घमेल्यात पाय ठेवून बसे आणि मी समोर बसे. कधी वाचून दाखवू का विचारलं, तर म्हणे, "काई नोका वाचू. पाणी आना अजून."

एका वर्षी गारपीट झाली आणि भाऊ निम्मीच रक्कम घेऊन आला. पिशवी देताना त्याला वाईट वाटत होतं. बायको आत गेली, भिशीचे पैसे आणले आणि त्यात घातले. तो माझ्याशी काही बोलला नाही. तिला म्हणाला, "वयनी, पुढच्या साली पाहू." पुढच्या साली बहार बरा आला, आणि त्या हिवाळ्यात कर्ज संपलं.

कागद घ्यायला आम्ही दोघं गेलो. आता तिसरे मॅनेजर होते. मुदतीआधी कर्ज फेडणाऱ्यांचा सत्कार करायची नवी पद्धत त्यांनी सुरू केली होती. पुष्पगुच्छ तयार, फोटो काढायला शिपाई तयार. बायको म्हणाली, "थांबा," आणि खरेदीखत उघडून पान पान मोजलं. मग येणे बाकी नसल्याचं प्रमाणपत्र वाचलं. मॅनेजर गुच्छ धरून उभे होते. हात अवघडला तसा त्यांनी तो टेबलावर ठेवला. सगळं बरोबर निघालं. मगच तिनं पोचपावतीवर सही केली आणि फोटो काढू दिला. फोटोत मी हसतोय, ती प्रमाणपत्राकडे पाहतेय.

मग तिनं त्याच टेबलावर एक कोरा कागद मागितला आणि राजीनामा लिहिला. तीन ओळी. माझ्यापुढे सरकवला. "वाचा. मंग सांगा."

मी दोनदा वाचला. एप्रिलपासून नोकरी सोडत असल्याचं तिनं लिहिलं होतं. म्हणजे अजून चार महिने गाडी.

"आता कशाला?" मी म्हणालो. "आजची तारीख टाक की. कर्ज संपलंय."

"दहावीची परीक्षा हाय मार्चात. दोनशे पोराईचे कागद हायत माह्याकडं. नवीन पोरगी येईन, कुठं कुठं सह्या करीन, कोणाले ठावूक." तिनं कागदाची घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि स्वतःही अप-डाऊन करणाऱ्या शिपायाला विचारलं की सकाळची गाडी आज वेळेवर होती का.