मिठागरात शिकलेली लंगडी

माझ्या आतेभावाला लंगडी मी शिकवली, असं मी उमेळ्यात आयुष्यभर सांगत आलो. तो ऐकून नुसता हसायचा. गेल्या वर्षी तो गेला. त्याच्या तेराव्यालाही कुणीतरी तेच सांगितलं आणि मी मान डोलावली. ते मनाला लागून राहिलंय, म्हणून खरं काय ते लिहितो.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. आम्ही दहा-अकराचे. मी काडीसारखा, तो चांगला गुबगुबीत. लंगडी घालायला लागला की दोन-चार उड्यांत त्याचा पाय टेकायचा. आमच्या संघाचा म्होरक्या मी. नायगावच्या पोरांशी सामना ठरला, तेव्हा त्यानं विचारलं, "मना संघात घेशील ना?"

"तुला? तू उडी मारलीस का विहिरीचं पानी हालतं!"

तो रडला नाही. घरी जाऊन आईला म्हणाला, "मना बारीक कर."

आत्या मिठागरात कामाला जायची. दिवाळीनंतर तिथे वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून घट्ट करतात. सगळे रांगेत उभे राहून एकेका पायावर भार टाकत, तालात तुडवतात. तळ सैल राहिला तर मिठात चिखल येतो. घाम गळेल तसं पोर वाळेल, असं आत्याला वाटलं. तिनं त्याला रांगेत उभं केलं. पहिल्या दिवशी तो इतक्यांदा घसरून पडला की बाया हसून हसून वाकल्या. मुकादम मात्र खूश.

"या पोराचा एक पाय म्हंजे तुमचे दोन. याला रोज आना!"

तो रोज शाळेआधी जाऊ लागला. वाळला काही नाही. घरी येऊन दुप्पट भात खायचा आणि आत्या कपाळावर हात मारायची. पण त्या निसरड्या चिखलात एका पायावर तोल सांभाळणं त्याला आपसूक जमून गेलं. या सगळ्यात मी कुठेच नव्हतो.

सामन्याच्या दिवशी आमचा एक गडी तापानं आडवा झाला, म्हणून नाइलाजानं मी त्याला घेतलं. नायगावची पोरं ओरडली, "आरं, हा तर भाताचा कणगा आला!"

कणगा लंगडी घालत सुटला. पोरं चपळ होती, हुलकावण्या देत होती. हा मात्र तोल न सोडता, दमानं, एकेकाला कोपऱ्यात गाठत गेला. शेवटचा गडी बाद झाला तरी ह्याचा पाय वरच.

मी धावत गेलो. "आरं, जिंकलो! टेक ना आता पाय!"

तो धापा टाकत म्हणाला, "आधी सांग, उंद्या घेशील?"

"घेतो रं बाबा, घेतो!"

मग टेकला.