तांदळात लिहिलेली बाई

"सवलत संपली, सूनबाई," मामा म्हणाले आणि हसले. "आता नवऱ्याच्या व्हिसावर जायचं."

खोलीतले सगळे हसले. मीही हसले. हे आधीच लिहून टाकते. पुढे मी जे केलं ते वाचून कुणाला वाटेल की ही पहिल्यापासून ताठ होती. मी ताठ नव्हते. मी हसले होते.

२००४ सालचा मे महिना. नाशिक, गंगापूर रोड. सासरच्या बंगल्याचा हॉल. लग्नाला नऊ दिवस झाले होते. सुट्टी संपली म्हणून नवरा अमेरिकेला परत गेला होता आणि त्याचे मामा टीपॉयवर माझे कागद पसरून बसले होते. मामा बँकेतून निवृत्त झालेले. त्या भागातल्या कितीतरी घरांतली मुलं अमेरिकेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचे फॉर्म मामांनी भरलेले. काळं पेन, कॅपिटल अक्षरं, प्लास्टिकचं फोल्डर. या कामाचा त्यांना अभिमान होता.

फॉर्म माझा होता. प्रश्न ते सासूबाईंना विचारत होते.

"जन्मगाव?"

"नाशिकरोड लिहा. त्या वस्तीचं नाव नको."

"व्यवसाय?"

"गृहिणी."

मी म्हणाले, "विद्यार्थिनी. माझं एमएस चालू आहे."

मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "डिपेंडंटचं शिक्षण कोण विचारतंय? आणि मला एक सांग, तुमच्या लोकांना इथेही स्कॉलरशिप, तिथेही स्कॉलरशिप. तिकडेसुद्धा सर्टिफिकेट दाखवावं लागतं का गं?"

पुन्हा हसू. सासूबाई म्हणाल्या, "दादा, पुरे हं. आता ती आपली आहे."

टोमण्यापेक्षा हे वाक्य जास्त लागलं. आता आपली. म्हणजे नऊ दिवसांपूर्वी मी कोण होते?

मग मी फॉर्मवर वाकून पाहिलं. सगळ्यांत वरच्या रकान्यात मामांनी सुबक अक्षरात जे नाव लिहिलं होतं, ते माझं नव्हतं.

ते नाव कुठून आलं ते सांगते.

तो आणि मी अमेरिकेत भेटलो. दोघंही नाशिकचे. माझं आडनाव ऐकून त्याने काहीच विचारलं नव्हतं. मला तेवढंच पुरलं. लग्न आम्ही रजिस्टर केलं. पण ऑफिसातून घरी आलो तेव्हा सासूबाईंनी पितळी ताटात तांदूळ पसरून ठेवले होते. नवी सून आली की तांदळात अंगठीने तिचं नवं नाव लिहायचं, ही त्यांच्या घरची रीत. नाव सासूबाईंनी निवडलेलं. पहिलं नाव नवीन, मधलं नवऱ्याचं, आडनाव त्यांचं. मी होते त्यातलं काहीच त्यात नव्हतं. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, "एक ताट तांदूळ गं. त्यात काय एवढं? आईची हौस."

त्याने नाव लिहिलं. पेढे वाटले. फोटो काढला. फोटोत मी हसते आहे.

ते नाव मी इथे लिहिणार नाही.

माझे बाबा नाशिकरोडच्या एका लहान छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाचं एकेक अक्षर उचलून उलटं लावायचं, ओळ बांधायची. मोर्च्यांची, संपांची, जयंतीची पत्रकं त्यांच्या हातून जायची. कच्ची छपाई घरी यायची आणि तिच्यावर मी वाचायला शिकले. 'बंधू-भगिनींनो' हा मी वाचलेला पहिला मोठा शब्द. एका विद्यापीठाच्या नावासाठी आमची माणसं मेली, आमची घरं जळाली, तेव्हाची पत्रकंही बाबांनी जुळवलेली. नावासाठी माणसं काय सोसतात हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरी मी त्या ताटासमोर गप्प बसले.

सासरच्यांना मात्र तांदूळ म्हणजे सरकारी दफ्तर वाटलं. ताटात लिहिलं की झालं. त्याच नावाने मामांनी व्हिसाचा अर्ज भरला, त्याच नावाने मुंबईला मुलाखतीची तारीख घेतली. माझ्या पासपोर्टात माझंच नाव होतं. त्या पासपोर्टात विद्यार्थी व्हिसाही होता, अजून तीन वर्षं चालणारा. मी उद्या विमानात बसले असते तरी मला कुणी अडवलं नसतं.

डिपेंडंट व्हिसाचा अर्थ मला पक्का ठाऊक होता. त्यावर शिकता येतं, पण काम करता येत नाही. मी विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांची प्रयोगशाळा घ्यायचे, म्हणून माझी फी माफ होती. डिपेंडंट झाले की प्रयोगशाळा गेली. प्रयोगशाळा गेली की फीमाफी गेली. मग पदवीही गेली. हे मी सासूबाईंना दोनदा समजावलं. त्या म्हणाल्या, "अगं, मग घरी बसून वाच की. तो कमावतोय ना."

आणि त्यांनी मला एक वही दिली. दोनशे पानी, रेघांची. "नव्या नावाची सही बसवून घे. मुलाखतीत अडखळू नकोस."

मी सही बसवली. तेवीस वर्षांची, पदार्थविज्ञान शिकवणारी बाई मी, डायनिंग टेबलावर बसून पानामागून पान दुसऱ्याच कुणाची सही गिरवत होते. चौथ्या पानावर हात सुटला. सही झोकदार यायला लागली. सासूबाईंनी येऊन पाहिली. "छान."

त्यानंतर दोन दिवसांसाठी मी माहेरी गेले. बाबा सकाळी पेपर वाचताना हातात पेन्सिल घेऊन बसतात. जुनी सवय. छपाईच्या चुकांना गोल करायचे. त्या सकाळी त्यांनी पेपर घडी घालून माझ्यापुढे धरला. आतल्या पानावर, प्लॉटच्या जाहिरातींमध्ये, चौकटीत छापलं होतं.

जाहीर सूचना. मी, आणि पुढे माझं नाव, बाबांचं नाव, आमचं आडनाव. विवाहानंतर मी अमुक या नावाने ओळखली जाईन. माझे यापुढील सर्व व्यवहार त्याच नावाने होतील. सर्वांनी नोंद घ्यावी.

"हे तू दिलंस?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मग हा 'मी' कोण आहे?"

आई दारातूनच म्हणाली, "पोरी, नांदायचंय ना तुला? मग कर सही आणि हो मोकळी. लय ताणू नको."

बाबांनी पेन्सिल कानामागे खोचली. त्या सूचनेत छपाईची एकही चूक नव्हती.

त्या दिवसापासून ती बाई माझ्या मागे लागली. तोपर्यंत ती तांदळात होती, वहीत होती. आता तिने माझ्याच तोंडाने 'मी' म्हटलं होतं, आणि सगळ्या शहराने ते चहाबरोबर वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी मामा मला स्कूटरवरून सीबीएसजवळ कोर्टाबाहेर घेऊन गेले. झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसणाऱ्यांची रांग होती. प्रतिज्ञापत्र तयारच होतं. नोटरीसमोर माझी सही झाली की नाव बदलणार, नाव बदललं की पासपोर्ट, पासपोर्ट बदलला की डिपेंडंट व्हिसा. माझी एक सही तेवढी राहिली होती.

टाइप करणारा माणूस म्हणाला, "ताई, वाचून घ्या एकदा."

"वाचायचं काय त्यात?" मामा म्हणाले. "कर सही."

मी वाचलं. इंग्रजीत होतं. मी गृहिणी आहे. मला स्वतःचं कोणतंही उत्पन्न नाही. मी सर्वस्वी माझ्या पतीवर अवलंबून आहे. हे मी शपथेवर, राजीखुशीने सांगते.

खरं सांगते, वाचूनही मी पेन टेकवलं. आणि हात आपोआप चालला. त्या नावाचं पहिलं अक्षर कागदावर उमटलं. वळणदार, न अडखळता. मी ते लिहिलं नव्हतं. तिने लिहिलं होतं. भर दुपारी, उन्हाने डांबर मऊ पडलेल्या रस्त्यालगत, माझ्या अंगावर काटा आला. हा हात आता तिचा झाला होता. अजून पाच अक्षरं, आणि बाकीची मीही तिची होणार होते.

मी ते अक्षर खोडलं. आडवं, उभं, कागद फाटेपर्यंत खोडलं.

"अगं, काय करतेस?"

"मामा, हे खोटं आहे."

"कुठलं?"

"सगळं."

"फॉर्मॅलिटी असते गं ती."

"मग तुम्ही करा सही. मी सर्वस्वी बायकोवर अवलंबून आहे, असं लिहून. फॉर्मॅलिटीच आहे."

टाइप करणारा खाली बघून हसला. मामांचा चेहरा लाल झाला. "शेवटी दाखवलंत ना तुम्ही लोकांनी आपलं वळण!"

"हो, मामा. दाखवलं."

माझा पासपोर्ट त्यांच्या फोल्डरमध्ये होता. मी मागितला. त्यांनी दिला नाही. पुन्हा मागितला. त्यांनी फोल्डर काखेत दाबलं. मग मी ते हिसकावलं. हिसकावताना त्यांचा चष्मा पडला. तो मी उचलून दिला आणि नाशिकरोडची बस धरली.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. तो ओरडला नाही. त्याचा आवाज अगदी शांत होता. "स्टुडंट व्हिसा आहे म्हणून उड्या मारतेस. तो संपला की कुणाच्या जोरावर राहशील इथे?"

मी विद्यार्थी व्हिसावरच परत गेले. माझ्या विद्यापीठाच्या गावी. तो त्याच्या शहरात, विमानाने चार तासांवर. तो आला नाही, मी गेले नाही.

पण ती होती. त्याने मला विम्यात त्या नावाने घातलं होतं, त्यामुळे विमा कंपनीची तिच्या नावाची पत्रं माझ्या पत्त्यावर यायची. हजेरीच्या कागदावर सही करताना कधी माझा हात तिच्या वळणाने सुरू व्हायचा आणि मी दचकून थांबायचे. मुलं बघत राहायची. मला वाटायचं, त्याच्या फ्लॅटमध्ये ती खरोखरच राहते आहे. सकाळी चहा ठेवते. खिडकीशी उभी राहते. तिला बाहेर जायचं नसतं, कारण बाहेर तिचं काही नाही. तिचा चेहरा माझा आहे. ती माझ्यावर रागावलेली नाही. ती वाट बघते आहे.

पदवी झाली. पुढे वर्षभर काम करायची परवानगी मिळाली. ते वर्षही सरलं. जिथे काम करत होते त्या कंपनीने व्हिसाचे कागद करायला नकार दिला. देश सोडायला साठ दिवस उरले. तेव्हा त्याची मेल आली. चांगली मेल होती. आपलं लग्न अजून आहे. डिपेंडंटचा फॉर्म भर, मी सही करतो. झालं गेलं विसरू.

मी फॉर्म छापून घेतला. तीन दिवस तो टेबलावर होता. मी तो टाकून दिला नाही, फाडला नाही. एका रात्रीत क्रांतिकारक होतात ती माणसं कुठे असतात मला माहीत नाही. मी तिन्ही दिवस तो फॉर्म पुन्हा पुन्हा वाचला. घर मिळणार होतं. तो देश मिळणार होता. पदवी हातात होती, आता तर फीचंही कारण उरलं नव्हतं. फक्त तिला आत घ्यायचं होतं.

चौथ्या दिवशी मी बॅग भरली.

नाशिकला परत आले. लोक म्हणाले, हरली. बरोबर आहे. हरले. मला तिथे राहायचं होतं, काम करायचं होतं, आणि ते मला मिळालं नाही. यात गोड करून सांगण्यासारखं काही नाही. मात्र हरली ती मी. ती नव्हे.

आता मी इथल्याच एका कॉलेजात शिकवते. घटस्फोट झाला. सासरच्या ओळखीतल्या बायका अजून कधी कॉलेज रोडवर मला पाहतात आणि पाठीमागून त्या नावाने हाक मारतात. त्यांना माझं दुसरं नाव ठाऊक असण्याचं कारण नाही. हाक आली की माझी मान हलते. इतक्या वर्षांनीही हलते. शरीराने एकदा शिकलेलं शरीर विसरत नाही, आणि मीच त्याला शिकवलं होतं.

मान हलते. पण मी वळत नाही. पाय थांबवत नाही. माझ्या नावाने हाक मारा, मी थांबेन. त्या नावाने मी आता मेले तरी ओ देणार नाही.